एक लेयर ठेवलाय, गोकर्णे

गोकर्णे, आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मन मोकळं होईल. काल आणि आज मिळून मी आपल्या चित्राच्या फाईलमधले एकशे बारा लेयर डिलीट केले. मोजून. प्रत्येकावर थांबले, त्याला नीट बघितलं, मगच बटण दाबलं. तू शेजारच्या खुर्चीत असतीस तर माउसवरचा माझा हात झटकला असतास आणि म्हणाली असतीस, "सुमे, हात झडले व्हय गं तुझे? चिंधी फेकती का कुणी?"

पण इलाज नव्हता बाई. फाईल हलतच नव्हती, आणि उद्या सगळ्यांसमोर दाखवायची आहे.

तुला जाऊन बारा दिवस झाले. पुण्यानुमोदनाला विहारात लोक उठून तुझ्याविषयी बोलले. किती कष्ट केले, पोरांना कसं शिकवलं, सून कशी लेकीसारखी वागवली. सगळं खरं होतं. मी मागं बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, ह्यात गोकर्णा कुठं आहे? कुणीच म्हणालं नाही की ही बाई एकसष्टाव्या वर्षी आपल्या ईट गावाहून रोज भूमला जाऊन वेबसाईट आणि ॲनिमेशन शिकत होती. अश्विनी मॅडमनी चुकलेलं मागं घ्यायचं बटण दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "मॅडम, हे एवढं माझ्या लग्नाला लावून द्या की." सगळ्या पोरी हसून हसून टेबलावर पडल्या. हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मी उठणार होते, पण उठले नाही.

सुरुवात तुझ्या रागापासूनच झाली. मंगलनं, तुझ्या सुनेनं, मोबाईलवर कुठल्यातरी शहरातल्या दुकानाची साईट दाखवली. गोधडीचा फोटो होता. तू चष्मा वर केलास, खाली केलास, मोबाईल उन्हात नेलास, परत सावलीत आणलास.

"हे माझ्या आईचं हिरवं लुगडं हाय," म्हणालीस. "ही मी शिवलीय. खाली काय लिवलंय गं?"

मंगलनं वाचलं, "अज्ञात ग्रामीण कारागीर."

"अज्ञात म्हंजी?"

"म्हंजी कुणालाच माहिती न्हाय असा, आत्याबाई."

"मला तर माहिती हाय की," तू म्हणालीस आणि तिथंच उंबऱ्यावर बसलीस. मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "सुमे, आपली साईट काढायची. आपल्या गटातल्या अकराच्या अकरा बायांची नावं घालून. कुणाचं ठिगळ कुठलं, ते सुद्धा."

मला तेव्हा साईट म्हणजे रस्त्याच्या कामावर असते तीच माहीत होती. पण तुझं तोंड बघितलं आणि 'व्हय' म्हणाले. चाळीस वर्षांत तुला 'न्हाय' म्हणून काही फायदा झाला नव्हता.

बचत गटाकडं चिठ्ठी आली होती, महिनाभराचा कोर्स, रोज सहा तास, मुलींसाठी. दोन मुलींची लग्नं ठरली, दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आपण दोघी दारात उभ्या. अश्विनी मॅडम आपल्या नातीच्या वयाच्या.

"मावशी, कुणाला सोडायला आलात?"

"आमालाच," तू म्हणालीस. "न्यायला पण आमीच येणार हावत."

पहिले दोन दिवस तू माउस दोन्ही हातांनी धरून पाट्यावर वरवंटा फिरवावा तसा फिरवलास. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हळू. चटणी वाटायची नाही." मी हसले तर तू मलाच म्हणालीस, "तुझा बाण तरी कुठं दिसतोय? स्क्रीनच्या बाहीर जाऊन बसलाय." खरंच बसला होता.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी लेयर शिकवले. चित्राचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. वरचा खालच्याला झाकतो. पण सगळे मिळून एकच चित्र दिसतं. पोरी वह्यांत लिहीत होत्या, एकमेकींकडं बघत होत्या. आणि तू मोठ्यानं म्हणालीस, "ही तर गोधडी हाय की वो!" त्या दिवसापासून मॅडम आपल्याला उठवून उभं करायच्या आणि म्हणायच्या, "मावशींना विचारा, लेयर म्हणजे काय." चौथीपर्यंत शिकलेली मी आणि सहावीतून काढलेली तू, आणि आपल्याकडं बारावी झालेल्या पोरी वह्या घेऊन यायच्या. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग पगार कवा चालू?" असो.

पण तिथंच आपण गोची करून ठेवली. मॅडम म्हणाल्या होत्या, नको असलेला लेयर डिलीट करा. तुझा हात माउसवरून उठला. "टाकायचं कशाला? गोधडीत फाटकं मधी जातं, चांगलं वर येतं. फेकायचं काय नसतं." प्रत्येक लेयरच्या बाजूला डोळ्याचं बारीक चित्र असतं. ते दाबलं की डोळा मिटतो आणि थर दिसेनासा होतो, पण असतो तिथंच. आपल्याला तेवढं बास झालं. चौकोन वाकडा आला, डोळा मीट, वरून दुसरा काढ. रंग चुकला, डोळा मीट. नावं सुद्धा तू लुगड्यांचीच दिलीस: 'आईचं हिरवं', 'धाकटीचं लग्नातलं', 'फाटकं एक', 'फाटकं दोन', 'फाटकं पण चांगलं'. रोज आपण चिंध्या भरत गेलो, आणि मशीन बिचारं सगळ्यांचं ओझं वाहत गेलं.

चित्र तू काढायचीस, हलवायचं काम माझं. पडद्यावर रिकामं कापड, त्यावर अकरा ठिगळं, आणि सुई ओळीनं धावत येते. ज्या ठिगळावरून गेली त्यावर त्या बाईचं नाव उमटतं. मी पहिल्यांदा सुई चालवली तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली. तू मात्र नाक मुरडलंस.

"ही सुई न्हाय. ही मुंगी हाय. सुई अशी सरसर पळती व्हय?"

"मग कशी?"

"खाली गेली की थांबती. दोरा वडला की निघती. थांबल्याबिगर टाका बसत न्हाय, सुमे. तुला चाळीस वरसं झाली शिवून, आन् तुझ्या हाताला ठावं हाय ते तुझ्या डोक्याला न्हाय."

मी सगळ्या फ्रेम परत मांडल्या. टाक्यामागं टाका, थांबा, ओढ, निघ. मॅडम म्हणाल्या, ह्याला टायमिंग म्हणतात आणि हे शिकवायला मला वर्ष लागलं असतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू शेंगदाणे खात होतीस.

आता त्या भांडणाचं बोलू. तेवढं अर्धं राहिलंय.

माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायचा. गोधडीचा घास. कुणाच्या अंगावर जाणार, कुणाला ऊब देणार, तर तिला उपाशी धाडू नये. मी म्हटलं, आपल्या चित्रातसुद्धा शेवटच्या कोपऱ्यात घास दाखवायचा. तू म्हणालीस, "न्हाय."

"का न्हाय?"

"कापडाला भूक लागती का? उंदरांना आवतन हाय ते."

"उंदरं कॉम्प्युटरात येत न्हाईत, गोकर्णे."

"मग भाकर तरी कशाला पायजे कॉम्प्युटरात?"

तीन दिवस हेच. मी म्हणायची, आईची रीत आहे, तू म्हणायचीस, तुझी आई सुगरण असंल, माझ्या चित्रात यायची न्हाय. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा आहे. मी पण चढवत गेले. एकदा तर म्हणाले, "तुला रीतभातच न्हाय." हे मी म्हणाले. तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत तू खिडकीजवळ होतीस. पाथरूडचा फाटा मागं गेला तसं तू बोललीस, आवाज न चढवता, जसं आज भाव काय निघाला सांगावं तसं.

"तुझ्या सासूच्या अंगणात मी पयली गोधडी शिवली, तवा मी एकवीस वर्सांची हुती. सकाळधरनं शिवत हुते. शेवटच्या कोपऱ्याला तुझी सासू आली. भाकर आन् गूळ दोनी हातांनी कापडात ठिवला, पाया पडली. मग मला जेवायला दिलं. पदर पसरायला लावला, न् भाकर वरून सोडली. हात लागू नये म्हणून. कापडाला हातानं, सुमे, आन् मला वरून."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले.

"तू दारात हुतीस," तू म्हणालीस. "नवी नवरी. हिरवा चुडा भरलेली. बघत हुतीस."

होते. बघत होते. मला तो पदर आठवत होता, पदरावरून भाकरीला लागलेली धूळ आठवत होती. तू ती फुंकून खाल्लीस ते आठवत होतं. चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की तुला काही ते आठवत नसणार. नंतर आपलं येणंजाणं झालं, एका ताटात जेवलो, तू माझ्या दोन्ही बाळंतपणांत राबलीस. मला वाटलं, तेवढ्यानं ते मिटलं.

मी तोंड उघडलं असतं तर काय म्हणाले असते, देव जाणे. ईट आलं. तू उठलीस, पिशवी खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "उद्या डबा तू आण. वांगी कर, लई तिखट नको." आणि उतरलीस.

मी वांगी केली. दुसऱ्या दिवशी खाल्ली पण आपण. पण बोलले नाही. म्हटलं, गडबडीत नको, कोर्स संपू दे, मग सवडीनं बसून बोलू. माझ्या शेजारच्या खुर्चीत रोज सहा तास होतीस तू गोकर्णे, आणि मी सवड शोधत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी आले नाही. बार्शीला डोळे दाखवायला गेले होते. शनिवारी विचारलं, "काल काय केलंस?"

"काय न्हाय. माश्या मारल्या."

"एवढा वेळ?"

"लई माश्या हुत्या."

आणि रविवारी सकाळी तुझ्या छातीत कळ आली.

नऊ दिवस मी भूमला गेले नाही. जायचंच नव्हतं. ह्यांना म्हटलं, झालं ते बास, म्हातारपणी सोंगं कशाला. दहाव्या दिवशी मंगल आली. तुझी पिशवी घेऊन आली होती. वही, चष्मा आणि रुमालाच्या गाठीत बांधलेला पेनड्राइव्ह. पाणी सुद्धा घेतलं नाही तिनं.

"काकू, आत्याबाई म्हणायच्या, नाव लागल्याबिगर मी मरत न्हाय. गेल्या त्या. आता नाव तरी लावा."

एवढंच बोलून निघाली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले आणि मला तुझा उंबरा दिसला, मोबाईल उन्हात धरलेली तू दिसलीस. दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीला मी उभी होते.

अश्विनी मॅडमनी मला जवळ घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, थोडंच राहिलंय. मी करून देते पूर्ण. तुम्ही फक्त दाखवायच्या दिवशी येऊन बसा."

"न्हाय," मी म्हणाले. "टाके दुसऱ्यानं घातले तर खाली नाव आमचं कुठल्या तोंडानं लावू?"

पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. मलाच माझा आवाज तुझ्यासारखा वाटला.

फाईल उघडली, प्ले दाबलं. सुई दोन टाके चालली आणि अडकली. परत दाबलं, तर सगळा पडदाच गोठला. मॅडमनी येऊन लेयरची यादी खाली ओढली. ओढतच राहिल्या. "मावशी, एकशे सदतीस? हे काय आहे?"

"चिंध्या आहेत," मी म्हटलं.

"काढाव्या लागतील. नाहीतर हे चालणार नाही आणि साईटवर तर चढणारच नाही. मी काढू?"

"मीच काढते. माझ्या मला ओळखू येतात."

तर असे गेले दोन दिवस. एकेक डोळा उघडायचा, बघायचं, काढायचं. तुझा पहिला चौकोन निघाला, भोपळ्यासारखा. मी उलटी चालवलेली सुई निघाली. तू सरावाला काढलेला कावळा निघाला, त्याला तीन पाय; तू तेव्हा म्हणाली होतीस, एक फाजील असू दे, उपयोगी पडंल. तुझं स्वतःचं नाव नऊ प्रकारच्या अक्षरांत लिहिलेलं निघालं. जाड, बारीक, तिरकं, लाल, जांभळं. मला कधी दाखवलं नव्हतंस. सगळ्यांची नावं तू एका झटक्यात लिहिलीस आणि स्वतःच्या नावापाशी नऊ वेळा अडलीस. त्यातलं एक ठेवलं, जाड आणि साधं. बाकीचे आठ काढले. एक चांगलं वर आलं पाहिजे, तूच म्हणायचीस.

आणि आज दुपारी, पार तळाला, कापडाच्याही खाली, एक मिटलेला डोळा राहिला. लेयरचं नाव वाचलं.

'सुमीचा हट्ट'.

डोळा उघडला. दिसेना काही, कारण वर सगळं कापड पसरलेलं. मग वरचे एकेक डोळे मिटत आले आणि शेवटच्या कोपऱ्यात, जिथं सुई येऊन थांबते बरोबर त्या जागी, बोटाच्या पेराएवढी एक भाकर. ज्वारीची. तव्यावर जरा करपलेला डाग सुद्धा काढलास तू. शेजारी गुळाचा खडा. शुक्रवारच्या माश्या त्या ह्याच होत्या.

मॅडम पाण्याचा ग्लास ठेवून गेल्या.

गोकर्णे, तू मला माफ केलंस असं मी म्हणणार नाही. मी मागितलीच नव्हती, तर तू देणार कुठून? तू माझा हट्ट पुरवलास, एवढंच मला दिसतं. पदरात टाकलेली भाकर फुंकून खाणारी बाई माझ्यासाठी बसून भाकर काढते, तिला करपलेला डाग देते आणि दुसऱ्या दिवशी माश्या मारल्या म्हणते. ह्याला काय म्हणायचं ते मला चौथीच्या पुस्तकात सापडलं नाही आणि पुढं पोरांच्या पुस्तकांतही नाही.

पण माझं म्हणायचं राहिलं होतं ते म्हणते. उशीर झाला, तरी म्हणते. मी दारात होते. मी बघत होते. सासूबाईंना भ्यायले, हे खरं आहे, पण पुढं सासूबाई गेल्या, त्यालाही वीस वर्षं झाली, आणि मग मी कुणाला भीत होते? कुणालाच नाही. मला फक्त ते परत बघायचं नव्हतं. चूक माझी आहे, गोकर्णे. भाकर मी उचलून तुझ्या हातात द्यायला पाहिजे होती. तुला रीतभात नाही असं मी म्हणाले, ती रीत माझी होती.

हे मंगलला मी आज सांगितलं. भूमवरून येताना आधी तुमच्याच घरी उतरले. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आत्याबाईंनी मला हे कवाच सांगितलं न्हाय." आणि उठून, "चहा ठेवू का?" मी बसले.

आता पंचवीस लेयर राहिलेत. अकरा ठिगळं, अकरा नावं, एक कापड, एक सुईदोरा. चोवीस झाले. पंचविसावा तुझा.

त्याचा डोळा मी परत मिटला. आधी वाटलं, उघडाच ठेवावा, सगळ्यांना दिसावं. पण गोधडीतला घास कुणाला दिसतो? शिवणारीला माहीत असतो, बास. तू म्हणत होतीस दाखवायचा नाही, मी म्हणत होते पाहिजेच. आहे आणि दिसत नाही. दोघींचंही राहिलं.

आज निघताना मॅडमनी शेवटचं तपासलं. "मावशी, एकदम हलकी झाली फाईल. हा एक तळाचा लेयर बंदच आहे, काही दिसत नाही त्यात. काढून टाकू?"

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं. मग त्यांना घास काय असतो ते सांगितलं. त्यांनी स्वतःच फाईल सेव्ह केली.

उद्या आठच्या गाडीला मंगल माझ्यासोबत येणार आहे. भाकरी मी करणार आहे, डबा एकच. प्लेचं बटण ती दाबेल, हे ठरलंय. मग बाकीच्या नऊ जणी आहेतच. पुढच्या महिन्यात त्यातल्या दोघींना मी त्या खुर्च्यांवर नेऊन बसवणार, कुरकुर केली तरी. तुझ्यासारखंच करणार. विचारायचंच नाही.

सुई चालेल, नावं उमटत जातील. तुझं नाव शेवटच्या कोपऱ्याच्या ठिगळावर आहे, आईच्या हिरव्यावर, जाड आणि साधं. तिथं सुई खाली जाईल आणि थांबेल. इतर टाक्यांपेक्षा जास्त थांबेल. मी तिथं पूर्ण एका सेकंदाच्या फ्रेम वाढवल्यात. मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं.

"मावशी, शेवटी सुई उगाच थांबतीय. चूक झाली का?"

"न्हाय," मी म्हटलं. "गोधडी जेवतीय. जेवू द्या."